ओळींमधला ऑल्ड्रेड

लिंडिस्फार्न शुभवर्तमानांची पोथी म्हटली की अभ्यासकांच्या नजरेसमोर प्रथम उभी राहतात ती तिची चित्रपृष्ठे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या बेटावर, इ.स. ७००च्या आसपास, ही लॅटिन पोथी सिद्ध झाली. आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. कलेतिहासाने तिचे भरपूर कौतुक केले, आणि ते रास्तच आहे. आम्हांला मात्र येथे त्या भव्य, गोलसर लॅटिन अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे लक्ष वेधायचे आहे. तेथे दुसऱ्याच हाताने लिहिलेली बारीक अक्षरे आहेत. मूळ लेखनानंतर सुमारे अडीच शतकांनी, ऑल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने प्रत्येक लॅटिन शब्दाच्या डोक्यावर आपल्या नॉर्थम्ब्रियन बोलीतील प्रतिशब्द लिहून ठेवला.

मधल्या काळात बरेच काही घडून गेले होते. ७९३ साली व्हायकिंगांनी बेटावर हल्ला केला. ८७५ मध्ये मठवासीयांनी संत कथबर्टचे अवशेष बरोबर घेऊन बेट सोडले. ८८३ पासून हा समुदाय चेस्टर-ल-स्ट्रीट येथे स्थिरावला. ऑल्ड्रेड तेथलाच. पोथीच्या अखेरीस त्याने एक समाप्तिलेख जोडला. एडफ्रिथने पोथी लिहिली, एथिलवाल्डने बांधली, बिलफ्रिथने वेष्टनावर धातुकाम केले, आणि आपण तिच्यावर इंग्रजी चढवली, असे तो सांगतो. चार शुभवर्तमाने, चार कारागीर. आणि चौथा स्वतः ऑल्ड्रेड! मत्तयाचे काम देवासाठी व कथबर्टसाठी, मार्कचे बिशपसाठी, लूकचे समुदायासाठी आणि योहानाचे स्वतःच्या आत्म्यासाठी, अशी वाटणीही त्याने नोंदवली आहे. लूकसोबत आठ आणि योहानासोबत चार ओरा चांदीचा उल्लेख येतो. या नोंदीतून समुदायात नव्याने प्रवेश मागणारा माणूस दिसतो. आपल्या विद्येचे मोल त्याने चांदीच्या शेजारी ठेवले आहे.

या लेखावर किती विसंबावे? एडफ्रिथ ६९८ ते ७२१ या काळात बिशप होता. त्यावरून पोथीचा काळ दीर्घकाळ ठरवला गेला. २००३ साली लॉरेन्स नीस यांनी या साक्षीवर नेमका प्रश्न उभा केला: अडीचशे वर्षांनंतरचा लेखक मूळ निर्मितीचा साक्षीदार कसा? त्याच वर्षी मिशेल ब्राउन यांनी पोथीचा काळ आठव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाकडे नेला. आमच्या मते समाप्तिलेखाचे खरे मोल अन्यत्र आहे. आठव्या शतकाविषयी तो काय सांगतो याबद्दल शंका घेता येईल. पण दहाव्या शतकातील एका समुदायाला आपला भूतकाळ कसा हवा होता, हे तो निःसंशय सांगतो.

भाषेच्या अभ्यासकांना या टिपणांनी वेगळीच संपत्ती दिली. अँग्लो-सॅक्सन साहित्याचा बहुतांश वारसा दक्षिणेकडील वेसेक्सच्या बोलीतून आपल्यापर्यंत पोचतो. उत्तरेचा आवाज फार थोड्या ठिकाणी ऐकू येतो. ऑल्ड्रेडच्या शब्दांत विभक्तिप्रत्यय झिजू लागलेले दिसतात. तृतीयपुरुषी क्रियापदाला दक्षिणेत 'थ'काराचा प्रत्यय लागे. येथे त्याच्या जोडीने 'स'काराचा प्रत्यय विपुल येतो. आजच्या प्रमाण इंग्रजीत एकवचनी क्रियापदाला लागणारा 'स्' तोच. हा प्रत्यय स्कँडिनेव्हियन संपर्कातून आला की बोलीच्या आतून घडला, यावर विद्वानांत एकमत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. टिपणे लॅटिनच्या पदक्रमानेच चालतात. म्हणून त्यांतून नॉर्थम्ब्रियन वाक्यरचना सरळ वाचता येत नाही. पण लॅटिन क्रियापदात कर्ता गुप्त असतो, आणि ऑल्ड्रेड पुष्कळदा तेथे आपल्या भाषेतले सर्वनाम भरतो. मूळ पाठाने न सांगितलेल्या अशा जागी त्याची स्वतःची भाषा बोलते. मार्सेल कोल यांनी २०१४ च्या ग्रंथात क्रियापदाचा प्रत्यय आणि कर्त्याचा प्रकार यांचा संबंध तपासला, तो अशाच बारकाव्यांच्या आधारे.

परंतु ऑल्ड्रेडला केवळ प्रत्ययांची खाण मानणे हा त्याच्यावर अन्यायच होय. मत्तयाच्या पहिल्या अध्यायात मरीयेसाठी लॅटिनमध्ये 'वाग्दत्ता' या अर्थाचा शब्द आहे. ऑल्ड्रेड त्यावर एकाऐवजी चार प्रतिशब्द लिहितो, आणि 'किंवा' अर्थाच्या चिन्हाने ते जोडतो: लग्न ठरलेली, सोपवलेली, बंधनाने बांधलेली, हवाली केलेली. समासात तो आणखी एक टीप देतो: मरीयेला योसेफाकडे सोपवले ते पावित्र्याने सांभाळण्यासाठी. शब्दकोशाच्या दृष्टीने एक प्रतिशब्द पुरेसा होता. पण सामान्य विवाहाचा अर्थ देणारा शब्द येथे एकटा उभा राहिला तर सिद्धान्ताला धक्का बसतो. म्हणून 'सोपवणे' आणि 'हवाली करणे' त्याला सांभाळून घेतात. टीकापरंपरेत वाढलेल्या आपल्या वाचकांना ही रीत अपरिचित वाटू नये. पर्याय देत देत टीकाकार अर्थाला दिशा देतो.

म्हणूनच या टिपणांना 'शुभवर्तमानांचे सर्वांत जुने उपलब्ध इंग्रजी भाषांतर' म्हणण्याची प्रथा अर्धवट खरी आहे. सलग वाचता येईल असे पश्चिम सॅक्सन गद्य भाषांतर दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातले; ते लॅटिनशिवाय उभे राहते. ऑल्ड्रेडचे शब्द लॅटिनवाचून उभे राहत नाहीत, आणि तशी त्यांची इच्छाही नाही. पवित्र ग्रंथ बाजूला सारण्याऐवजी लोकभाषेला त्याच्या पानावर जागा मिळवून देणे, हा त्याचा उद्योग होता. पुढे ९७० साली तो डरहॅमच्या एका प्रार्थनाग्रंथात 'प्रोव्होस्ट' म्हणून स्वतःची नोंद करतो. समुदायाने त्याला मान दिल्याचे यावरून दिसते.

एकोणिसाव्या शतकात स्कीट यांची आवृत्ती आली. तिच्यामुळे हे शब्द जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती पडले. मात्र छापील पानावर आले की चित्र आणि टिपण यांची ताटातूट होते. एका खोलीत कलेतिहासकार रंग पाहतो, दुसऱ्या खोलीत भाषाशास्त्रज्ञ प्रत्यय मोजतो. ऑल्ड्रेडने मात्र ती सुंदर, पूज्य पोथी समोर ठेवून, तिच्याच कातड्यावर लेखणी टेकवली होती. त्या धाडसात भक्ती किती आणि महत्त्वाकांक्षा किती, हे वेगळे काढता येत नाही. आणि त्या दोहोंना एकत्र वाचल्याखेरीज त्याचा एकही शब्द पुरता कळत नाही.