स्मृतीची राखण

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफरॅक हे गणकयंत्र चालू झाले, तेव्हा त्याच्या स्मृतीत अवघे २०४८ शब्द मावत. कोणती संख्या कोठे ठेवावयाची, हे माणसानेच पाहावे. याच संस्थेतून १९८५ साली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र निघाले, ते २००३ साली सी-डॅकमध्ये मिळाले. त्याची इमारत आज खाडीपलीकडे, नव्या मुंबईत खारघर स्थानकासमोर आहे. घर बदलले, पण स्मृती राखायची कोणी?

जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली योजिलेली लिस्प गणितातील फलनांवर उभी. ती नको झालेली जागा आपणच झाडून काढी, मात्र तेवढा वेळ काम खोळंबे. १९७२च्या सुमाराच्या सी भाषेने सारे पुन्हा माणसाच्या हाती दिले, आणि हात चुकला की आज्ञावली कोसळे. २००६ साली व्हँकुव्हरमध्ये ग्रेडन होर यांच्या इमारतीची लिफ्ट आज्ञावलीच्या बिघाडाने बंद पडली. एकवीस मजले चढताना गृहस्थ चिडले (कोण चिडणार नाही?) आणि रस्ट ही भाषा रचू लागले. तीत कोणत्या जागेचा धनी कोण, हे अनुवादक आधीच तपासतो. झाडलोटीची गरज उरत नाही. गंमत अशी, की तिचा पहिला अनुवादक ओकॅमल या फलनप्रधान भाषेतच लिहिला होता. २०११ साली रस्ट स्वतःचा अनुवाद स्वतः करू लागली.