कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगमध्ये कोणतं पाणी भरायचं? जारचं, बॅटरीचं की रंगीत कूलंट?

एप्रिल-मे महिन्यात नामपूरच्या घरांत दुपारी पंख्याची हवासुद्धा गरम लागते. बागलाण तालुक्यातलं मोसम नदीकाठचं हे गाव कांद्याच्या बाजारासाठी आणि डाळिंबासाठी ओळखलं जातं. नदी इथून पुढे मालेगावकडे जाते आणि गिरणेला मिळते. त्या मालेगावचा पारा उन्हाळ्यात चाळिशी पार करतो, हे बातम्यांत दरवर्षी दिसतं. अशा हवेत गेमिंगचा किंवा लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचा दणकट कॉम्प्युटर चालवायचा म्हटलं, की आधी प्रश्न येतो तो थंडाव्याचा.

मग यूट्यूबवर काचेच्या कॅबिनेटमध्ये निळं-गुलाबी पाणी फिरणारे पीसी दिसतात. तेच कस्टम वॉटर कूलिंग लूप. पंप, छोटी टाकी, रेडिएटर आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डावर बसवलेले तांब्याचे ब्लॉक, सगळं नळ्यांनी जोडलेलं. पाणी ब्लॉकमधून उष्णता उचलतं, रेडिएटरमध्ये पंख्याच्या हवेला देतं आणि परत फिरतं. ट्रॅक्टरच्या रेडिएटरचं तत्त्वच, फक्त इंजिनाच्या जागी चिप. हे फक्त हौशी लोकांचं खूळ आहे असंही नाही. पुण्याच्या आयसरमधला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणकही थेट द्रवाने थंड ठेवला जातो.

(बाजारात सीलबंद ‘ऑल इन वन’ कूलर मिळतात. तुमच्याकडे तसा असेल तर त्यात काही भरायचं नसतं. पुढचं सगळं आपल्या हाताने भरायच्या लूपबद्दल आहे.)

सुटे भाग ऑनलाइन येतात किंवा नाशिक, मुंबईहून मागवता येतात. लूप जोडूनही होतो. त्यानंतर टाकीचं झाकण उघडून हातात बाटली घेतली की माणूस थबकतो, यात भरायचं काय?

घरातल्या कूलरकडे एकदा बघा

नामपूर परिसरातली जमीन दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची. विहिरी आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार उतरलेले असतात. घरातल्या एअर कूलरच्या गवतावर महिनाभरात जी पांढरी खपली बसते, ती हीच. डाळिंबाच्या बागेत ठिबकचे ड्रिपर बंद पडतात तेही याच क्षारांनी. म्हणून शेतकरी ठिबकला आम्ल प्रक्रिया करतात आणि शेवाळ झालं तर क्लोरीन सोडतात.

पीसीच्या वॉटर ब्लॉकमधल्या तांब्याच्या पात्यांमधली फट ड्रिपरच्या भोकापेक्षाही बारीक, अर्ध्या मिलिमीटरहून कमी असते. त्यामुळे बोअरचं पाणी बाद, हे सांगायलाच नको. पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ठिबकमधून रोज नवं पाणी जातं, म्हणजे रोज नवे क्षार येतात. लूपमध्ये तेच एक लिटर पाणी फिरत राहतं. समजा पाण्याची कठीणता लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे, तर पूर्ण लूपमध्ये चुन्यासारखा पदार्थ जमून जमून जमेल तो पाव-तीस टक्के ग्रॅम. तेवढ्याने ब्लॉक लगेच तुंबेल असं नाही. पातळी कमी झाली की परत तेच पाणी ओतत राहिलात, तर मात्र थर वाढत जातो.

खरा धोका त्यातल्या बाकीच्या क्षारांचा, विशेषतः क्लोराइडचा. क्षार असलेलं पाणी वीज वाहून नेतं, आणि तांबं, पितळ, निकेल, सोल्डर असे वेगवेगळे धातू अशा पाण्यात एकत्र आले की गंज धरायला सुरुवात होते. निकेलचा मुलामा उखडतो, तांबं काळं पडतं आणि ती सगळी घाण शेवटी त्याच बारीक फटींत जाऊन बसते.

‘आरओ’चा जार का चालत नाही?

गावोगावी मिळणारा २० लिटरचा थंड पाण्याचा जार ही इथली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात फसवी निवड. पाणी स्वच्छ दिसतं, चवीला गोड लागतं. पण आरओ म्हणजे क्षार कमी केलेलं पाणी. क्षार नसलेलं नव्हे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. म्हणजे पिण्याला उत्तम असलेलं पाणी लूपसाठी अजिबात उत्तम नसू शकतं. पाणी उकळून घेतल्यानेही सगळे क्षार जात नाहीत, उलट वाफ गेल्यामुळे उरलेले दाट होतात. एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी ‘डिस्टिल्डच तर आहे’ म्हणून वापरणारेही आहेत. त्यात कॉइलवरची धूळ आणि जंतू उतरलेले असतात, म्हणून तेही नको.

जे हवं ते गावातच मिळतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी! ते डिस्टिल्ड किंवा डीएम, म्हणजे क्षार काढून टाकलेलं असतं. बॅटरीच्या पाण्यासाठी आयएस १०६९ हे वेगळं मानक आहे. सीलबंद बाटली घ्या आणि घरच्या आरओसाठी वापरतात तो छोटा टीडीएस मीटर त्यात बुडवा. आकडा शून्य ते दोन-तीनच्या आत असला तर पाणी कामाचं. पन्नास-शंभर दाखवत असेल तर बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, परत करा.

दुकानात एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. बॅटरीवाल्याकडे पाण्यासोबत बॅटरीचं ॲसिडही असतं, आणि सुट्या कॅनमध्ये दोन्ही दिसायला सारखंच. ते पातळ केलेलं सल्फ्युरिक ॲसिड आहे. लूपमध्ये गेलं तर सगळ्या धातूंची वाट लागेल आणि हातावर उडालं तर भाजेल. सुटं पाणी घेऊच नये.

नुसतं डिस्टिल्ड पाणीही पुरत नाही

उष्णता वाहून नेण्यात पाण्याला तोड नाही. महागडी कूलंट पाण्यापेक्षा जास्त थंडावा देत नाहीत, बहुतेकांत ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. मग बाकीचं कशाला? दोन कामांसाठी: गंज रोखायला आणि जंतू-शेवाळ मारायला. कोमट पाणी, काचेतून येणारा प्रकाश आणि वर्षभर निवांत मुक्काम, यात शेवाळाला आणखी काय हवं?

त्यामुळे सगळ्यात समजूतदार मार्ग म्हणजे पारदर्शक कॉन्सन्ट्रेट विकत घेऊन त्यात डिस्टिल्ड पाणी मिसळणं. उदाहरणार्थ, ईके कंपनीच्या क्रायोफ्युएलची १०० मिलीची बाटली ९०० मिली पाण्यात मिसळली की एक लिटर तयार होतं. कॉर्सेअरचं एक्सएल फाइव्ह किंवा ॲक्वाकॉम्प्युटरचं डीपी अल्ट्रा अशी तयार कूलंटही येतात. त्यांत काही मिसळायचं नसतं. दोन कंपन्यांची कूलंट एकत्र करू नका, रसायनं एकमेकांशी जुळली नाहीत तर गाळ होतो.

जंतुनाशक म्हणून काही जुन्या थेंबांच्या बाटल्यांत कॉपर सल्फेट असायचं. म्हणजे आपलं मोरचूद. द्राक्ष-डाळिंबाला बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या घरात ते पोतंभर सापडेल, म्हणून कुणाला चिमूटभर टाकायचा मोह होईल. टाकू नका. शेतीचं मोरचूद शुद्ध नसतं, लूपला लागतात ते मोजून थेंब, आणि लूपमध्ये ॲल्युमिनियमचा एक जरी भाग असेल तर त्यावर तांबं बसून भोकं पडतात. ठिबकला वापरतात ते क्लोरीन आणि आम्लही इथे चालत नाही, निकेलचा मुलामा त्याने खराब होतो. चांदीची तार टाकण्याचा जुना उपायही निकेलच्या ब्लॉकला त्रासदायक ठरतो.

आणि हो, स्वस्तातला ॲल्युमिनियमचा रेडिएटर तांब्याच्या ब्लॉकला जोडला असेल तर कुठलंही कूलंट फार दिवस वाचवू शकत नाही. पाण्यात हे दोन धातू एकत्र आले की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. सगळे भाग एकाच जातीचे घ्या.

ट्रॅक्टरचं हिरवं कूलंट?

त्यात मुख्यतः इथिलीन ग्लायकॉल असतं. पाणी गोठू नये आणि इंजिनात उकळू नये, ही त्याची कामं. निफाडचा पारा हिवाळ्यात कितीही घसरला तरी घरातला पीसी गोठत नाही आणि लूपचं पाणी उकळण्याच्या जवळपासही जात नाही. निम्मं ग्लायकॉल घातलं तर पाण्याची उष्णता धरण्याची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने घटते आणि ते घट्ट झाल्यामुळे पंपाला जोर लागतो. गंजरोधक म्हणून थोडंसं मिसळून वर्षानुवर्षं चालवणारे लोक आहेत, ते काही वेडे नाहीत. पण पातळ केलेलं ग्लायकॉल जंतूंना मारत नाही, उलट काही जंतूंचं ते खाद्य होतं. शिवाय इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. घरात रांगतं मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर सांडलेला थेंबही पुसून घ्यावा लागतो.

रंगाचा मोह

दुधासारखं दाट, पेस्टल रंगाचं कूलंट फोटोत सुंदरच दिसतं. पण त्यातला दाटपणा येतो तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांमुळे. पंप बंद राहिला किंवा पाणी फार तापलं की हे कण खाली बसतात आणि मग ब्लॉकच्या फटींत. चमचमणारी, लहरी दिसणारी कूलंट तर प्रदर्शनातल्या पीसीसाठीच असतात, काही आठवड्यांसाठी. रोज काम करायच्या मशिनमध्ये पारदर्शक कूलंट घालून रंगीत दिवे लावले, तर फोटोही निघतो आणि मशिनही टिकतं.

नामपूरच्या उन्हाळ्याचा हिशोब

लूपचं पाणी खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही, हे अनेकांना पैसे खर्च केल्यावर कळतं. चांगले मोठे रेडिएटर असतील तर लोडवर पाणी खोलीपेक्षा साधारण १० अंश वर राहतं. खोली ४० अंश असेल तर पाणी ५०. रेडिएटर लहान असेल तर तेच ६० च्या दिशेने सरकतं. लूपमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या डी फाइव्ह पंपाची मर्यादा ६० अंश आहे आणि पीईटीजीच्या कडक नळ्याही त्याच सुमारास मऊ पडू लागतात, फिटिंगमधून निसटू शकतात. युरोपातल्या व्हिडिओत २२ अंशांच्या खोलीत चालणारी जोडणी इथे मे महिन्यात तशीच चालेल, असं धरू नका.

कडक नळ्याच हव्या असतील तर ॲक्रिलिकच्या घ्या, नाहीतर काळ्या ईपीडीएम रबराच्या. दिसायला साध्या, पण उन्हाळ्यात निश्चिंत. स्वस्त पारदर्शक पीव्हीसी नळ्या मऊ ठेवण्यासाठी घातलेलं रसायन गरम पाण्यात सुटतं, नळी धुरकट होते आणि ब्लॉकमध्ये पांढरा चिकट गाळ जमतो. लोक दोष कूलंटला देतात. टाकीवर तापमानाचा सेन्सर बसवा आणि पाणी ५० च्या पुढे गेलं की काम थांबवा, किंवा खोलीत कूलर लावा. लूपमध्ये बर्फाचं पाणी मात्र घालू नका. खोलीपेक्षा थंड झालेल्या ब्लॉकवर माठासारखं दव धरतं आणि ते थेट मदरबोर्डवर उतरतं.

भरताना आणि नंतर

नव्या रेडिएटरमध्ये सोल्डरिंगच्या वेळचा फ्लक्स आणि कीस राहिलेला असतो. गरम डिस्टिल्ड पाणी अर्धं भरून, तोंडं बंद करून, खळखळून हलवा आणि ओता. पाणी स्वच्छ येईपर्यंत चार-पाच वेळा. नळाच्या पाण्याने धुतलं असेल तर शेवटच्या दोन फेऱ्या तरी डिस्टिल्डच्याच हव्यात.

भरल्यावर पीसी लगेच चालू करू नका. मदरबोर्डची वीज काढून फक्त पंप काही तास चालवा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा आणि ओल दिसते का बघा. टाकी रिकामी असताना पंप फिरू देऊ नका, त्याच्या बेअरिंगला वंगण पाण्याचंच असतं. ‘डिस्टिल्ड पाणी वीज वाहत नाही, गळलं तरी चालेल’ हा समज घातक आहे. बाटलीतलं पाणी वाहत नसेलही, पण लूपमध्ये काही दिवस फिरलं की त्यात धातूचे अंश येतात आणि बोर्डवरची धूळ उरलेलं काम करते.

नंतर महिन्यातून एकदा टाकीकडे नजर टाकली तरी पुरतं. पातळी थोडी उतरणं साहजिक आहे. त्यात तेच कूलंट किंवा डिस्टिल्ड पाणी घाला, माठातलं नाही. पाणी धुरकट झालं, तळाशी धागे दिसले, झाकण उघडताच कुबट वास आला, किंवा तेच काम करताना प्रोसेसर आधीपेक्षा पाच-सात अंश जास्त तापू लागला, तर तारखेची वाट न पाहता लूप रिकामा करून ब्लॉक उघडा. पात्यांमधली घाण मऊ टूथब्रशने निघते. ॲक्रिलिकच्या भागाला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका, बारीक तडे जातात.

काही बिघडलं नसेल तरी पारदर्शक कूलंट वर्षातून एकदा बदलावं, दाट रंगाचं असेल तर सहा महिन्यांनीच. यासाठी मार्च महिना सोयीचा, म्हणजे कडक उन्हाळा ताज्या कूलंटवर निघतो. काढलेलं कूलंट अंगणात, विहिरीजवळ किंवा गुरांच्या पाण्याच्या आसपास ओतू नका. झाकणाच्या बाटलीत भरून, वर ‘विषारी’ असं लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा आणि गाड्यांचं जुनं कूलंट-ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्या.