मिलिंदाचा रथ

सागल नगरीत बारा वर्षे एकही पंडित उरला नव्हता, असे 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथाच्या आरंभी सांगितले आहे. नगरी ओस पडली होती असे मात्र नव्हे. तिचे तट भक्कम होते, उद्याने आणि तलाव होते, पेठांतून काशीच्या वस्त्रांची दुकाने मांडलेली होती आणि रस्त्यांवर हत्ती, घोडे, रथ यांची वर्दळ होती. नाहीसे झाले होते ते केवळ विद्वान. आणि तेही दुष्काळामुळे किंवा छळामुळे नव्हे, तर राजाच्या प्रश्नांमुळे. मिलिंद राजा वादात अजिंक्य होता. जो आचार्य भेटेल त्याला तो अशा पेचात धरी की, होय म्हटले तरी फसावे आणि नाही म्हटले तरी फसावे. एकेकाला असे निरुत्तर करून झाल्यावर, अवघे जंबुद्वीप फोलपटासारखे पोकळ आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. संशय फेडील असा कोणी भेटत नाही याची त्याला खंत होती; परंतु संशय फेडू पाहणारे नगर सोडून का जातात, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारल्याचे दिसत नाही.

हा मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतात राज्य करणारा ग्रीक राजा मेनँडर, आणि सागल म्हणजे बहुधा आजच्या पाकिस्तानातील सियालकोट. त्याची नाणी विपुल सापडली आहेत. त्यांच्या एका बाजूस ग्रीक अक्षरे आहेत, दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीतील प्राकृत लेख आहे, आणि दोन्हीकडे तो स्वतःस 'त्राता' म्हणवितो. भडोचच्या बाजारात त्याची जुनी नाणी पुढे दोन शतकांनंतरही चालत होती, असे एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याने नोंदविले आहे. तेव्हा राजा खरा आहे यात शंका नाही. संवाद मात्र घडला तसा टिपून घेतलेला नव्हे. बुद्धाचे समकालीन असलेले पूरण कस्सप आणि मक्खली गोसाल हेदेखील मिलिंदाला भेटले, असे ग्रंथकार निःशंकपणे लिहितो. कालगणनेची चिंता त्याला नव्हती. ग्रंथाचा जुना गाभा म्हणजे पहिले तीन भाग, आणि चिनी भाषांतरात साधारण तेवढाच मजकूर आढळतो. पाली संहिता ट्रेंकनर याने १८८० साली प्रसिद्ध केली आणि ऱ्हीस डेव्हिड्स याचे इंग्रजी भाषांतर १८९० व १८९४ मध्ये दोन खंडांत निघाले. मराठी मुलखात ही दोन नावे पुस्तकाबाहेरही रुजली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने त्या वेळच्या औरंगाबादेत १९५० साली जे महाविद्यालय काढले त्याला मिलिंदाचे नाव लाभले, आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो. राजाचे नाव विद्यार्थ्यांच्या घराला आणि भिक्षूचे नाव वनाला, ही योजना मार्मिक आहे.

नागसेनाच्या आधी राजाची गाठ आयुपाल नावाच्या एका वृद्ध भिक्षूशी पडली. गृहस्थालाही जर धर्माचे फळ मिळते, तर संन्यास कशासाठी, असे राजाने विचारले. प्रश्न वाजवी होता; पण तो विचारण्यामागे उत्तराची अपेक्षा नव्हती. आयुपाल गप्प बसला. भोवतीच्या पाचशे यवनांसमोर राजाने टाळ्या पिटून स्वतःच जयजयकार केला. अशा प्रश्नांचे लक्षणच हे की, त्यांची परिणती जयजयकारात होते आणि विचारणारा होता तेथेच राहतो.

नागसेनाची भेट झाली तेव्हा राजाने आरंभ अगदी साध्या प्रश्नाने केला. त्याने नाव विचारले. भिक्षूने सांगितले की, लोक आपल्याला नागसेन म्हणतात खरे, पण ते एक व्यवहाराचे नाव आहे, त्यामागे वेगळी अशी कोणी व्यक्ती सापडत नाही. राजाला हवे तेच मिळाले. व्यक्तीच नसेल तर चीवर कोण घेतो, भिक्षा कोण खातो, शील कोण पाळतो? केस म्हणजे नागसेन काय? नखे? दात? त्वचा? वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान, यांपैकी काही? प्रत्येकाला नकार मिळाला, तेव्हा राजाने सर्वांदेखत भिक्षूला खोटे ठरविले.

येथे एखाद्या कमी प्रतीच्या आचार्याने सिद्धान्त समजावून देण्यास सुरुवात केली असती. नागसेनाने तसे केले नाही. त्याने राजाच्या प्रकृतीची चौकशी केली म्हटले तरी चालेल. आपण सुकुमार आहात, दुपारच्या उन्हात तापलेल्या वाळूवरून पायी आलात तर पाय पोळले असतील, तेव्हा पायी आलात की वाहनाने, एवढेच त्याने विचारले. राजा म्हणाला, रथाने. मग त्याच्याच पद्धतीने प्रश्न उलटले. दांडी म्हणजे रथ काय? आस? चाके? जू? लगाम? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागले. तर मग रथ कोठे आहे, आणि एवढ्या मोठ्या राजाला असत्य बोलावे लागावे असे भय तरी कोणाचे? आता यवनांनी जयजयकार केला तो भिक्षूचा, आणि सुटका करून घ्या असे त्यांनी आपल्या राजालाच सुचविले. राजा विचार करून म्हणाला की, दांडी, आस, चाके यांच्या एकत्र येण्याला अनुलक्षून रथ हे व्यवहाराचे नाव पडते. त्यावर नागसेनाने राजाला रथ बरोबर समजला असल्याची ग्वाही दिली, आणि आपलेही तसेच आहे, एवढेच जोडले.

या प्रसंगातील रथाचा दृष्टान्त फार प्रसिद्ध आहे. पण त्याचे बळ रथात नाही. तो रथ राजाचा होता, दाराशी उभा होता, आणि त्याची व्याख्या राजाने स्वतः केली, हे त्याचे बळ आहे. नागसेनाने शब्द पुरविले नाहीत. दुसऱ्याच प्रश्नाला त्याने याहूनही जवळची वस्तू उचलली. भिक्षू होऊन किती वर्षे झाली, या प्रश्नाला त्याने सात असे उत्तर दिले. ही सात म्हणजे तुम्ही की केवळ संख्या, असे राजाने छेडले. त्या क्षणी राजाची आकृती जवळच्या पाण्याच्या भांड्यात दिसत होती. राजा कोण, तुम्ही की ते प्रतिबिंब, एवढे विचारणे पुरेसे झाले.

ही पद्धत ग्रीकांकडून आली काय, असा तर्क विद्वानांनी लढविला आहे. टार्न या इतिहासकाराने १९३८ सालच्या आपल्या ग्रंथात या संवादामागे ग्रीक मूळ असावे असे सुचविले. राजा ग्रीक असल्यामुळे सॉक्रेटिसाची आठवण होणे स्वाभाविक आहे. आपण सुईणीचा धंदा करतो, दुसऱ्याच्या मनातला विचार जन्माला आणतो, असे तोही सांगत असे. परंतु त्यासाठी अथेन्सपर्यंत जाण्याचे कारण दिसत नाही. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या विद्येने ताठलेल्या मुलाला वडाचे फळ आणावयास सांगतो, ते फोडावयास सांगतो, आत काय दिसते ते विचारतो, आणि शेवटी काहीच दिसत नाही असे मुलाने कबूल केल्यावरच बोलतो. पाण्यात मीठ टाकून ते सकाळी चाखावयास लावणाराही तोच. उद्दालकाचा अधिकार पित्याचा होता, एवढाच फरक. नागसेनाला तसा अधिकार नव्हता. समोर शिष्य नव्हता, सत्ताधीश होता.

म्हणूनच पुढचा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो, जरी त्याची ख्याती रथाइतकी नाही. राजाने आणखी चर्चेची इच्छा दर्शविली, तेव्हा नागसेनाने अट घातली : पंडितांप्रमाणे वाद करणार असाल तर तयार आहे, राजांप्रमाणे करणार असाल तर नाही. दोहोंत भेद काय, असे विचारता त्याने सांगितले की, पंडितांच्या वादात गुंतवणे आणि सोडवणे असते, चूक दाखविली जाते आणि मान्यही होते, पण कोणी रागावत नाही. राजे मात्र एक बाजू मांडतात आणि जो असंमत होईल त्याला दंड करतात. राजाने पहिली रीत पत्करली, आणि एखाद्या सामणेराशी किंवा विहाराच्या सेवकाशी बोलावे तसे मोकळेपणाने बोला, असे उलट भिक्षूलाच सांगितले. कचेऱ्यांतून आणि दरबारांतून ज्यांनी वरिष्ठांचे 'मोकळेपणाने बोला' ऐकले आहे, त्यांना या आश्वासनाच्या किमतीविषयी शंका येईल. पण येथे ते आधी मागून घेतलेले आहे, आणि साक्षीदारांसमोर.

यानंतर प्रश्नांचा सूर पालटतो. राजा अजूनही हटकतो, पण आता प्रत्येक उत्तरावर तो उपमा मागतो. एक दिली की आणखी एक मागतो. पुनर्जन्मात जाणारा तोच असतो की दुसरा, या प्रश्नावर रात्रभर जळणाऱ्या दिव्याची उपमा येते : पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एक की वेगळी? आणि जो जन्मतो तो जर तोच नाही, तर पापातून सुटला की नाही, असे राजा विचारतो, तेव्हा नागसेन त्याला एकामागून एक खटले ऐकवितो. आंबे चोरणारा म्हणतो, तुम्ही लावले ते आंबे निराळे, मी नेले ते निराळे. कोणी दिवा घेऊन माडीवर जेवावयास बसतो, दिव्याने छपराचे गवत पेटते, गवताने घर आणि घराने गाव. तो म्हणतो, ज्या उजेडात जेवलो तो अग्नी वेगळा, गाव जाळणारा वेगळा. कोणी गवळ्याकडून दुधाचा घडा विकत घेऊन त्याच्यापाशीच ठेवतो, दुसऱ्या दिवशी त्याचे दही झालेले पाहून भांडतो. निवाडा कोणाच्या बाजूने द्याल?

राजा दर वेळी अचूक निवाडा देतो. द्यावयाचाच, तो त्याचा रोजचा व्यवसाय होता. नागसेनाने त्याला शिष्याच्या आसनावर बसविलेच नाही, न्यायासनावर बसविले, आणि तेथून जे दिसते ते त्यालाच बोलावयास लावले. ग्रंथाच्या शेवटच्या भागातही उपमा पुष्कळ आहेत. भिक्षूने गाढवाचे, कोंबड्याचे, खारीचे कोणते गुण घ्यावेत याची तेथे लांबलचक गणती आहे. पण तेथे समोर कोणी उत्तर देणारा उरलेला नाही, आणि उपमांची नुसती यादी होते.

जुन्या गाभ्याच्या अखेरीस दोघे आपापल्या ठिकाणी परततात. रात्री राजा मनाशी उजळणी करतो की, आपण काय विचारले आणि भिक्षूने काय सांगितले. तिकडे नागसेनही तीच उजळणी करीत असतो. सकाळी भेटताच दोघेही एकमेकांना सांगतात की, रात्र आपण प्रश्न विचारल्याच्या किंवा उत्तर दिल्याच्या आनंदात काढली असे कृपया समजू नये.

त्यापुढे राजाचे काय झाले, याविषयी एकवाक्यता नाही. ग्रंथाची अखेर सांगते की, त्याने पुत्राला राज्य दिले आणि तो अर्हत झाला. प्लूटार्कच्या लेखी मेनँडर न्यायाने राज्य करून छावणीत वारला, आणि त्याच्या रक्षेसाठी नगरांत तंटा होऊन ती वाटून घ्यावी लागली. दोहोंपेक्षा खरा वाटतो तो त्याच्याच तोंडी घातलेला एक दृष्टान्त. इतके दिवस दुसऱ्याकडून उपमा मागणारा राजा तेथे स्वतःहून एक देतो. सोन्याच्या पिंजऱ्यात ठेवलेला सिंह तोंड बाहेरच करून बसतो, तसा आपण घरात राहूनही बाहेर पाहत असतो, असे तो म्हणतो. पण घर सोडून बाहेर पडलो तर फार दिवस जगणार नाही, कारण आपल्याला शत्रू पुष्कळ आहेत. नागसेनाने त्यावर उपमा दिली नाही. प्रश्नही विचारला नाही. तो आसनावरून उठला आणि विहाराकडे निघून गेला.