पगाराच्या चिठ्ठीतली एक ओळ

मोबाइल घरीच ठेवा. 1979 चा मार्च आहे आणि तुम्ही लालबागच्या एका मिलमध्ये, साचेखात्यात उभे आहात. शेकडो साचे एकदम खडखडताहेत. शेजारचा काय बोलतोय ते त्याच्या ओठांवरून ओळखायचं. धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवलेली. सदरा पाठीला चिकटलाय, भुवयांवर कापूस बसलाय. आरशात बघू नका, एका पाळीत म्हातारे झालात.

भोंगा झाला. आज पगार! फाटकाबाहेर व्याजाला पठाण उभा आहे, खानावळवाली मावशी वही उघडून बसलीय. तुमच्या पगाराचं बजेट तुमच्याआधी त्यांनीच मांडून ठेवलंय.

नोटा मोजा, मग चिठ्ठी वाचा. फंड, ईएसआय, पतपेढीचा हप्ता. आणि ही ओळ: व्यवसाय कर. कायदा 1975 चा, पण दर पगाराला तुमची कुरकुर ताजी. घाम आम्ही गाळायचा आणि वर कर?

नाक्यावर या, पण तोंडाला रुमाल लावा. मसाल्याचे दिवस आहेत. मिरच्या भाजण्याचा खाट रस्ताभर पसरलाय, डोळे चुरचुरताहेत. इराण्याकडे कटिंग घेता घेता एकजण पेपर वाचतोय. तिकडे रीगलजवळच्या कौन्सिल हॉलमध्ये राज्याचं बजेट मांडायचे दिवस. प्रश्न एकच, काय महागलं? पैसा जाणार कुठे, हे कोणी विचारत नाही. (आपण तरी कुठे विचारतो?)

तुमच्या त्या ओळीचं उत्तर मात्र खिशातल्या आंतर्देशीयात आहे. पोरानं लिहिलंय, शब्द बायकोचे: पाझर तलावाच्या कामावर जाते, दिवसभर मातीच्या पाट्या टाकते, बाप्यांना जो दर तोच आम्हाला. हीच रोजगार हमी. तुमचा व्यवसाय कर तिच्या निधीत जातो आणि सरकार तेवढीच भर घालतं. यंदाच्या 26 जानेवारीपासून तर कायदाच लागू झालाय: मागितल्यावर 15 दिवसांत काम, नाहीतर रोजचा किमान रुपया भत्ता. वि. स. पाग्यांनी 1965 साली याचा पहिला प्रयोग केला तो तासगाव तालुक्यातल्या विसापुरात, म्हणजे तुमच्याच शिवेपलीकडे. 1972 च्या दुष्काळात खडी फोडून, सुकडी खाऊन काढलेले दिवस घरात अजून कोणी विसरलेलं नाही.

चला, पोस्टाची खिडकी बंद व्हायच्या आत रांगेत लागा. लाखेचा वास, डिंकानं चिकट झालेलं टेबल, दोरीला बांधलेलं न उमटणारं पेन. मनीऑर्डरच्या फॉर्मवर निरोपाला बोटभर जागा असते. तब्येतीची चौकशी नेहमीचीच. आज लिहा: तलावाचा बांध किती वर आला, ते कळव.

मागचा ढकलतोय. आटपा.