वाद झाला म्हणून रेकॉर्डिंग बंद करू नका

हेदवीचा इतिहास विचारला की लोक दशभुज गणेशाचे देऊळ दाखवतात, बामणघळ दाखवतात. खोताच्या जमिनीवर राबलेल्या आमच्या पूर्वजांचा इतिहास कोण दाखवणार? खोतीच्या काळात दप्तर खोताच्या हातात होते. आमच्याकडे फक्त आठवणी होत्या, आणि त्या सांगणारी पिढी आता संपत आली आहे.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर धडकला. कोकणातली कुणबी आणि महार कुळे खोताविरुद्ध एकत्र उभी राहिली. हे सगळे पुस्तकात आहे. पण आपल्या वाडीतून कोण गेले, परतल्यावर खोताने काय केले, घरातल्या बाईने चूल कशी पेटती ठेवली, हे पुस्तकात नाही. ते आजीला ठाऊक आहे.

हे काम नवे नाही. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या उर्मिला पवार यांनी मीनाक्षी मून यांच्यासोबत चळवळीतल्या स्त्रियांना गाठून बोलते केले. त्यातून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आले. त्या मुलाखती झाल्या नसत्या तर आंबेडकरी चळवळ पुरुषांनीच चालवली, असे आपण आजही मानून बसलो असतो.

आज प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. गुहागरच्या वाड्यांत आम्ही लोकांशी बोलतो तेव्हा एकाच घरात तीन मते ऐकू येतात. आजोबा फेडरेशनचे, वडील रिपब्लिकनच्या एका गटाचे, मुलगा तिसऱ्याच पक्षाचा. एकाच्या दाखल्यावर 'महार', दुसऱ्याच्या दाखल्यावर 'बौद्ध'. केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती १९९० साली दिल्या. धर्मांतरानंतरची ती चौतीस वर्षे समजून न घेता त्या आजोबांना कमी बौद्ध ठरवणारे आपण कोण?

काही कार्यकर्ते म्हणतात, असे मतभेद नोंदवले तर विरोधकांना कोलीत मिळेल. आम्हाला हे मान्य नाही. रिपब्लिकन पक्ष १९५७ साली स्थापन झाला आणि काही वर्षांतच त्याचे दुरुस्त आणि नादुरुस्त असे गट पडले, हे जगाला माहीत आहे. तो वाद आपल्या घरात का शिरला, कोण कोणाच्या लग्नाला गेले नाही, हे मात्र फक्त आपल्यालाच माहीत आहे. ते लपवले तर पुढची पिढी फुटीला नुसती गद्दारी म्हणेल, कारणे शोधणार नाही. कारणे कळली नाहीत तर एकीही होणार नाही.

म्हणून तरुणांनो, विचारून, परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. नाव, गाव, तारीख बोलून घ्या. आजोबांच्या आधी आजीला विचारा. तुम्हाला न पटणारे उत्तर कापू नका. आपला इतिहास दुसऱ्यांनी कापला म्हणून आपण लढलो. आता आपणच कात्री हातात घ्यायची नाही.

जय भीम!