गळाची काठी : वेळूपासून कांचतंतूपर्यंत

मुंबईहून गोव्याकडे जाणारा रस्ता पेण सोडून पुढें निघाला, म्हणजे थोड्याच अंतरावर वडखळ लागतें. येथें रस्त्याला फांटा फुटतो. एक वाट नागोठण्यावरून दक्षिणेस जाते, दुसरी धरमतरची खाडी ओलांडून अलिबागेस पोंचते. बहुतेक प्रवाशांच्या लेखीं वडखळ म्हणजे हा फांटा आणि त्याच्या आसपासचीं चहाचीं दुकानें; यापलीकडे त्यांची ओळख जात नाहीं. परंतु या मुलखाची खरी ओळख पाण्याची आहे. सह्याद्रींतून उतरणारी अंबा नदी नागोठण्याच्या खालीं खाडीचें रूप घेते आणि धरमतरच्या बाजूनें समुद्राकडे जाते. भरतीचें खारें पाणी बांध घालून थोपवावें, उघाडींतून आंतलें पाणी सोडावें आणि अशा रीतीनें मिळविलेल्या भूमींत भात पिकवावा, हा येथील पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. म्हणूनच या भागाला खारेपाट हें नांव पडलें.

जेथें भात आणि खाडी शेजारीं नांदतात, तेथें मासा हा घरचाच होतो. पेण-अलिबागकडील जिताडा तर दूरवर प्रसिद्ध आहे. त्याचीं पिल्लें घराजवळच्या तळ्यांत सोडून वाढविण्याची येथें जुनी चाल आहे. मासे धरण्याचीं साधनेंही नाना प्रकारचीं : पाग आहे, डोल आहे, चिंबोऱ्यांसाठीं वेगळीं साधनें आहेत. या सर्वांत गरीब साधन म्हणजे गळाची काठी. एक वेळू, एक दोरी, एक गरी, एवढाच तिचा पसारा. तिच्यावर कोणाचा संसार चालत नाहीं, म्हणून तिची कोणी नोंदही ठेवीत नाहीं. तरी या दुर्लक्षित काठीला मोठा इतिहास आहे. आणि त्या इतिहासांत हिंदुस्थानच्या वेळूनें एके काळीं फार मानाचें स्थान भूषविलें आहे.

काठीचा गुण कोणता, हें प्रथम पाहिलें पाहिजे. सामान्य समज असा कीं, काठी जितकी ताठ तितकी चांगली. परंतु मासा गळाला लागल्यावर काय घडतें? तो एकाएकीं हिसका देतो. काठी ताठ असेल, तर तो सगळा हिसका दोरीवर येतो आणि बारीक दोरी तुटते. काठी वांकणारी असेल, तर हिसक्याचा जोर ती स्वतः झेलते, वांकते, आणि माशाचा जोर ओसरतांच पुन्हा सरळ होऊं लागते. मासा थकतो तो या वांकण्यामुळें. म्हणजे लवणें हें काठीचें दुबळेपण नसून तिचें मुख्य काम आहे.

पाश्चात्य देशांत खोट्या माशीनें मासे धरण्याची जी कला आहे, तींत तर या गुणाची कसोटीच लागते. पिसें आणि दोरा गुंडाळून केलेली ती माशी इतकी हलकी असते कीं, ती फेंकतांच येत नाहीं. आपल्या गळाला दगड किंवा शिसें बांधलेलें असतें व त्याच्या वजनानें दोरी दूर जाते. येथें उलट दोरीलाच वजन दिलेलें असतें, आणि ती दोरी काठीच्या झोंक्यानें हवेंत मागें उलगडून मग पुढें टाकावी लागते. दोरीच्या भारानें काठी वांकते, वांकलेली काठी उसळून सरळ होते, आणि त्या उसळीनें दोरी पुढें जाते. जी काठी केवळ शेंड्याकडील तिसऱ्या हिश्शांत वांकते व झटकन्‌ सरळ होते, तिला जाणकार ‘जलद’ म्हणतात. जी शेंड्यापासून थेट मुठीपर्यंत कमानीसारखी वांकते व सावकाश सरळ होते, ती ‘मंद’. मंद काठी हातीं असलेल्या माणसाला घाई करून चालत नाहीं. मागें गेलेली दोरी पुरती उलगडेपर्यंत त्याला थांबावें लागतें. न थांबल्यास दोरीचा गुंता होतो. त्या बदल्यांत ती काठी थोड्याशाच दोरीच्या भारानेंही वांकते. त्यामुळें जवळच्या पाण्यावर माशी अलगद उतरते.

गळ टाकण्याची कला पाश्चात्यांचीच आहे, असा समज मात्र होऊं नये. कल्याणीच्या चालुक्य वंशांतील राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नांवाचा संस्कृत ग्रंथ रचिला. कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यांतील बसवकल्याण. मराठी पद्याचे अतिशय जुने नमुने ज्या ग्रंथांत सांपडतात, तो हाच ग्रंथ. त्यामुळें मराठी वाचकाला तो अगदींच परका नाहीं. राजाचे विनोद, म्हणजे करमणुकीचे प्रकार, सांगतांना सोमेश्वरानें ‘मत्स्यविनोद’ म्हणून एक स्वतंत्र प्रकरण लिहिलें आहे. त्यांत समुद्रांतील व गोड्या पाण्यांतील मिळून सुमारें ३५ जातींचे मासे सांगितले आहेत, कोणत्या माशाला कोणतें आमिष रुचतें तें दिलें आहे, आणि गळ टाकण्याचा विधि वर्णिला आहे. इंग्रजी भाषेंत गळाच्या शिकारीवरील पहिला छापील निबंध १४९६ सालीं निघाला; म्हणजे दक्षिणेंतील या राजाचें लेखन त्याहून साडेतीन शतकांनीं जुनें ठरतें.

त्या इंग्रजी निबंधाच्या काळीं विलायतेंत काठीसाठीं हेझल, विलो अशीं तेथील लांकडें वापरीत. पुढें अमेरिका खंडांतील जड व चिवट लांकडें आलीं. परंतु लांकूड जाड केलें तर हातास जड होतें आणि बारीक केलें तर मोडतें, ही अडचण कांहीं सुटेना. ती सोडविली हिंदुस्थानच्या वेळूनें. एकोणिसाव्या शतकांत कलकत्ता बंदरांतून जाणाऱ्या या वेळूला परदेशांत ‘कलकत्ता वेळू’ असेंच नांव पडलें. तो बहुतांशीं आपल्या रानांतील भरीव बांबू असावा, असें जाणते मानतात. प्रथम त्याचा उपयोग काठीच्या शेंड्यापुरता होई. पुढें १८४५ च्या सुमारास अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत सॅम्युएल फिलिप या बंदुका बनविणाऱ्या कारागिरानें वेळू चिरून त्याच्या पट्ट्या एकमेकींस चिकटवून काठी तयार केली. हायरम लेनर्ड यानें १८७० नंतरच्या वर्षांत सहा पट्ट्यांच्या काठीला बाजारांत प्रतिष्ठा मिळवून दिली.

ही युक्ति मोठी मार्मिक होती. वेळूचें सारें बळ त्याच्या सालीलगतच्या तंतूंत असतें. आंतला भाग मऊ व निर्बळ. म्हणून प्रत्येक पट्टी त्रिकोणी कापावयाची, आंतला भाग तासून टाकावयाचा आणि सहा पट्ट्या अशा जुळवावयाच्या कीं, साल सर्व बाजूंनीं बाहेर राहील. या षट्कोनी काठींत वेळूचें बळ तेवढें उरे आणि दुर्बळता निघून जाई. ती मुठीपर्यंत वांके व विनातक्रार सरळ होई.

येथें एक विसंगति नजरेंत भरते. वेळू आमचा, पण तो चिरण्याची, तासण्याची व जुळविण्याची कला वाढली ती परक्या देशांत. आमच्याकडे वेळूची सूप-टोपली विणणारे, मांडव उभारणारे, बासरी करणारे कुशल हात होते. परंतु गळाची काठी ही शहाण्या माणसानें लक्ष घालण्याजोगी वस्तु कोणास वाटली नाहीं. इकडील इंग्रज अंमलदार मात्र नद्यांतील माशांकडे कुतूहलानें पाहत होते. कर्नल साइक्स यानें १८३९ सालीं दख्खनच्या माशांचें वर्णन करितांना पुण्याजवळच्या मुळा-मुठेंतील महासीर माशाला ‘खुद्री’ हें इकडच्याच बोलींतलें नांव शास्त्रांत दिलें. मद्रासकडील मुलकी अधिकारी हेन्‍री सलिव्हन थॉमस यानें १८७३ सालीं हिंदुस्थानांतील गळाच्या शिकारीवर एक मोठें पुस्तक प्रसिद्ध केलें. अशा शिकाऱ्यांच्या सामानांतून कलकत्त्याचाच वेळू विलायती काठीचें रूप घेऊन पुन्हा या देशांत येऊं लागला. कच्चा माल जावा व पक्का माल यावा, ही कापसाची कहाणी सर्वांस ठाऊक आहे. वेळूच्या बाबतींतही तेंच घडत होतें.

कलकत्ता वेळूचें राज्य फार दिवस टिकलें नाहीं. त्याच्यावर बहुधा जळल्याचे काळे डाग असत. वेळू सरळ करण्यासाठीं किंवा कीड मारण्यासाठीं तो विस्तवावर धरीत, असें त्याचें कारण सांगत. जळलेली पट्टी कारागिराच्या कामाची नसे आणि बराच माल फुकट जाई. विसाव्या शतकाच्या आरंभीं चीनच्या क्वांगतुंग प्रांतांतून ‘टोंकिन’ नांवानें एक वेळू येऊं लागला. तो सरळ, पेरांचे उंचवटे कमी असलेला व तंतूंनीं दाट होता. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ मॅक्‌क्ल्यूर यानें १९३१ सालीं त्याला जें शास्त्रीय नांव दिलें, त्याचा अर्थच ‘मनोहर’ असा आहे. या मनोहर वेळूपुढें कलकत्ता मागें पडला. मालाची निवड व निगा यांकडे वेळींच कोणी लक्ष दिलें असतें, तर कदाचित्‌ निराळें घडलें असतें.

पुढें टोंकिनवरही पाळी आली. कांच वितळवून तिचे केसाहून बारीक तंतु काढण्याची कृति अमेरिकेंत १९३० नंतरच्या वर्षांत व्यवहारांत आली. हे तंतु राळेसारख्या कृत्रिम द्रव्यांत घट्ट बसविले, म्हणजे हलकी व चिवट वस्तु तयार होते. आर्थर हॉवल्ड या रसायनशास्त्रज्ञाच्या वेळूच्या काठीचें टोंक महायुद्धाच्या काळांत मोडलें आणि नवें मिळेना, तेव्हां त्यानें कांचतंतूचें टोंक करून पाहिलें, असें सांगतात. त्याच्या कृतीनें बनविलेली काठी मिशिगनमधील शेक्सपियर कंपनीनें १९४७ च्या सुमारास बाजारांत आणिली. इतक्यांत राजकारणानेंही हात दिला. कोरियाच्या युद्धामुळें १९५० च्या डिसेंबरांत अमेरिकेनें चीनशीं व्यापार बंद केला आणि टोंकिनची आवक थांबली. पाहतां पाहतां कांचतंतूनें सारा बाजार व्यापला.

कांचतंतूची काठी करण्याची नेहमींची रीत अशी : निमुळत्या पोलादी गजाभोंवतीं कांचतंतूचें राळेंत भिजविलेलें कापड गुंडाळावयाचें, तें तापवून कठीण करावयाचें, आणि मग गज काढून घ्यावयाचा. उरते ती पोकळ, निमुळती नळी. निसर्गानें वेळूला जी घडण दिली, तीच माणसानें कारखान्यांत पुन्हा घडविली, असें म्हणावयास हरकत नाहीं. ही काठी पाण्यानें कुजत नसे, कीड तिला लागत नसे आणि वेळूच्या उंची काठीहून ती पुष्कळ स्वस्त पडे. जी कला श्रीमंतांपुरती होती, ती कामगाराच्या आटोक्यांत आली. आणि स्वभावानें ही काठी मंद होती. वेळूप्रमाणेंच मुठीपर्यंत वांकणारी.

परंतु बाजाराला वेगाची ओढ असते. इंग्लंडांत फार्नबरो येथील शासकीय विमानसंशोधन संस्थेंत १९६३ सालीं बळकट कर्बतंतु तयार करण्याची रीत सांपडली आणि १९७३ च्या सुमारास कर्बतंतूच्या काठ्या विक्रीस आल्या. कर्बतंतूचा ताठपणा साध्या कांचतंतूच्या सुमारें तिप्पट, आणि वजन त्याच्या तीन-चतुर्थांशाहूनही किंचित्‌ कमी. दोरी दूर जाऊं लागली, वाऱ्याला भेदूं लागली. दरवर्षीं अधिक ताठ, अधिक जलद काठी काढण्याची चढाओढ लागली. कांचतंतूची काठी अडगळींत गेली. ती नवशिक्यांची आणि मुलांची, असें तिचें हांसें होऊं लागलें.

आणि तरीही ती मेली नाहीं. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून कांहीं थोडे कारागीर व शौकीन तिच्याकडे पुन्हा वळले आणि आज तिचा लहानसा, पण निष्ठावंत वर्ग आहे. यांत केवळ जुन्याचा मोह नाहीं. शास्त्राचाही आधार आहे. तुटण्यापूर्वीं कांचतंतु आपल्या लांबीच्या शंभरांपैकीं चार भागांहून अधिक ताणला जाऊं शकतो. सामान्य कर्बतंतु दीड-दोन भागांतच तुटतो. म्हणजे सहन करण्याची शक्ति कांचेंत अधिक आहे. लहान ओढ्यावर, वीस-पंचवीस फुटांवरच्या पाण्यांत, सुतासारख्या दोरीनें लहान मासा धरावयाचा असेल, तर तेथें शंभर फूट दोरी फेंकणारी ताठ काठी काय कामाची? लहान दोरीच्या भारानें ती वांकतच नाहीं. ज्या कामासाठीं साधन घडलें, त्या कामावरून त्याचा गुण ठरवावा, वेगावरून नव्हे. एवढीच गोष्ट अर्धशतकाच्या चढाओढींत विसरली गेली होती.

अर्थात्‌ मंद काठी सर्वत्र चालेल असेंही नाहीं. आपला जिताडा ऑस्ट्रेलियांत ‘बॅरामंडी’ म्हणून ओळखला जातो व तेथील शिकारी त्याला खोट्या माशीनेंही धरतात. तो दांडगा मासा पाण्याबाहेर उसळ्या मारतो आणि खारफुटीच्या मुळांत शिरूं पाहतो. त्याला आवरण्यास जाड व ताठ काठीच हवी. खारेपाटांतील माणसाला हें कोणी शिकविण्याची आवश्यकता नाहीं; कोणत्या माशाला कोणतें साधन, हा विवेक त्याच्या अंगीं मुरलेला आहे.

आज धरमतरच्या खाडींत मालाचे बार्ज ये-जा करतात आणि वडखळच्या परिसरांत कारखान्यांच्या चिमण्या उभ्या आहेत. फांट्यावरची वाहनें थांबावयास तयार नसतात. अशा ठिकाणीं उघाडीच्या कडेला साध्या वेळूची काठी धरून कोणी बसलेला दिसला, तर प्रवाशाला तो रिकामटेकडा वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याच्या हातांतील वेळूचा भाऊबंद एके काळीं सातासमुद्रापलीकडे गेला होता. त्याला मागें सारण्यासाठीं प्रथम चीनचें रान, मग कांचेची भट्टी आणि शेवटीं कर्बाचें शास्त्र कामास लावावें लागलें. आणि इतकें झाल्यावरही जाणकार मंडळी पुन्हा मुठीपर्यंत वांकणाऱ्या काठीकडेच वळली. वडखळच्या खाडीकांठचा तो वेळू मात्र त्याच्या जागींच आहे. शिंगाळ्यासारखा मासा ओढ देतो, तेव्हां तो मुकाट्यानें वांकतो, आणि ओढ सरली म्हणजे पुन्हा सरळ होतो.