सिंहासन सोडले, की टाकले? एका क्रियापदाचा वाद

१/ डिसेंबर १६८८. इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स लंडनमधून निसटला आणि जाताना राजमुद्रा थेम्स नदीत टाकून गेला. वाटेत मच्छीमारांनी त्याला पकडले. दुसऱ्या प्रयत्नात मात्र तो फ्रान्सला पोहोचला. राजत्यागाचे पत्र त्याने लिहिलेच नव्हते. मग त्याने नेमके केले काय?

२/ २८ जानेवारी १६८९ रोजी कॉमन्स सभागृहाने ठरवले : राजाने ‘ॲबडिकेट’ केले असून सिंहासन रिक्त आहे. लॉर्ड्सनी तो शब्द खोडून ‘डिझर्ट’ सुचवला.

३/ हा शब्दच्छल नव्हता. लॅटिनमधून आलेल्या ‘ॲबडिकेट’मध्ये अधिकार स्वेच्छेने सोडणे अभिप्रेत होते. ‘डिझर्ट’ म्हणजे फ्रेंचमधील ‘देझेर्ते’ : जागा टाकून जाणे. पण जागा टाकल्याने वारसांचा हक्क संपत नाही. उलट सिंहासन रिक्त मानले, तर वंशपरंपरेच्या जागी निवड येणार, हे लॉर्ड्सचे भय होते.

४/ अखेर ६ फेब्रुवारीला लॉर्ड्स नमले. विल्यम आणि मेरी यांचा मार्ग मोकळा झाला.

५/ स्कॉटलंडने एप्रिलमध्ये तिसराच शब्द निवडला : ‘फोरफॉल्टेड’. त्याचे मूळ फ्रेंच ‘फोरफे’, म्हणजे अपराध. राजाने मुकुट सोडला नाही. आपल्या दुष्कृत्यांमुळे तो गमावला, असा हा निवाडा होता.

६/ इंग्रजीतील त्यागाच्या शब्दांत फ्रेंच इतके का? १०६६च्या नॉर्मन विजयानंतर दरबार आणि न्यायालये यांत फ्रेंच रुजली. ‘सरेंडर’मध्ये ‘रांद्र’, म्हणजे परत देणे, आहे. ‘अबँडन’च्या मुळाशी दुसऱ्याच्या ताब्यात देणे आहे. जुन्या इंग्रजीतील ‘फोरसेक’ टिकला; पण कायद्याच्या भाषेत मान मिळाला तो फ्रेंच शब्दांना.

७/ त्यांतलाच एक ‘रिनाउन्स’, फ्रेंचमध्ये ‘रनोंसे’. त्याच्या लॅटिन मुळात ‘कळवणे, घोषित करणे’ हा अर्थ आहे. एप्रिल १८१४ मध्ये नेपोलियनने स्वतःच्या आणि वारसांच्या वतीने सिंहासनाचा त्याग केला, तो याच क्रियापदाने. १० डिसेंबर १९३६ रोजी आठव्या एडवर्डने सही केलेल्या राजत्यागपत्रातही हेच क्रियापद आहे.

८/ त्या दोघांनी आपला त्याग स्वतः घोषित केला. जेम्सने केला नाही. म्हणून त्याच्या जाण्याला नाव दिले ते इतरांनी. आणि ज्यांनी नाव दिले, त्यांनीच पुढचा राजा ठरवला.